बुधनचे नाटक आणि आपण



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मृतीला ही माला वाहिलेली आहे त्या सरांच्या हाताखाली मी या शाळेत शिकलो आणि याच सभागृहात पहिल्यांदा तोंडाला रंग लावला. पुढे हयातभर शिक्षकी केली आणि तिच्या जोडीला नाटके बसविण्याचा नाद जोपासला. कार्यवाहांनी पत्रातून विषय सुचविला होता तो 'कला आणि सामाजिक ऐक्य'. विषय चांगलाच आहे. परंतु त्यावर आपण सर्वांनी इतकी भाषणे ऐकलेली आहेत, की कलेला जात नसते आणि धर्म नसतो हे वाक्य आता कानांवरून वाऱ्यासारखे निघून जाते. म्हणून मी एकाच नाटकाविषयी बोलायचे ठरविले आहे. ते मराठी नाटक नाही. अहमदाबादेच्या छारानगर वस्तीत १९९८ साली ते उभे राहिले. त्याचा एक धागा मात्र आपल्या बडोद्याशी आणि दुसरा मराठी साहित्याशी जुळलेला आहे.

त्याआधी बडोद्याविषयी थोडे बोलले पाहिजे. कलेमुळे माणसे जोडली जातात याचा दाखला द्यायची वेळ आली, की आपण बडोदेकर चटकन चार नावे घेतो. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली आणि गाणे स्वरलिपीच्या साहाय्याने, वर्गात बसवून शिकविण्याचा परिपाठ घातला. अब्दुल करीम खाँसाहेब काही काळ या दरबारी होते. त्यांच्या कन्या हिराबाई यांच्या आडनावात तर आपले शहरच आहे. फैयाज खाँसाहेबांनी आयुष्याचा मोठा काळ इथे घालविला आणि १९५० साली त्यांचे देहावसान झाले तेही इथेच. गंधर्व नाटक मंडळीला या संस्थानाचा आश्रय होता. यांतले काहीही खोटे नाही. पण २००२ साली गुजरातेत दंगली पेटल्या तेव्हा याच शहरात फैयाज खाँसाहेबांच्या कबरीवर हल्ला झाला, हेही खोटे नाही. त्यांच्या गाण्याच्या आठवणी सांगणारी माणसे तेव्हा या गावात होती. त्या आठवणींनी ती कबर राखली नाही.

आणखी मागे जावयाचे तर १९१७ साल घ्या. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लोकांनी त्यांना बाहेर काढले; आपण ज्या बागेत लहानपणी घसरगुंडी खेळलो त्या कमाठी बागेत ते आगगाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले. संगीताला आणि नाटकाला राजाश्रय देणारे हेच ते शहर, आणि तोच तो काळ.

हे सांगण्यात शहराची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की मैफलीत शेजारी शेजारी बसणे आणि आळीत शेजारी शेजारी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैफलीत कला भूषण असते. गाणारा कोणत्या घरातून आला आणि मैफल संपल्यावर कोणत्या घरी गेला, हे विचारण्याचे कारण पडत नाही. आमच्या मराठी हौशी रंगभूमीची गोष्ट निराळी. ती आम्ही आमच्यासाठी जोपासली. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या तालमींमुळे परक्या भाषेच्या मुलखात चार पिढ्यांच्या तोंडी शुद्ध मराठी राहिले, हे तिचे ऋण मी कधी विसरणार नाही. पण ती घरातल्या घरातच बोलली. आळीबाहेरच्या माणसाला तिने काही विचारले नाही आणि त्याचे काही ऐकूनही घेतले नाही.

आता छारानगराकडे वळू. अहमदाबादेच्या ईशान्येस, कुबेरनगर आणि नरोडा यांच्या बाजूला ही वस्ती आहे. महाराष्ट्रात ज्यांना कंजारभाट म्हणतात त्यांचे हे भाऊबंद. त्यांची घरची बोली भांतू. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरविण्याची सोय करून घेतली. नोंदवहीत नाव, ठाण्यावर हजेरी, गावाबाहेर जायचे तर पास. ज्यांना कुठेच थारा द्यायचा नाही अशांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत कोंडले गेले. सोलापुरात अजूनही जुनी माणसे त्या जागेला सेटलमेंट म्हणतात. छारानगराचे मूळ तशाच एका सेटलमेंटमध्ये आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला आणि सव्वाशेच्या वर जमाती 'विमुक्त' झाल्या. पुढे सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या हाती जुन्याच सवयी नव्या नावाने राहिल्या. छारानगरात हातभट्टी होती आणि चोरीही होती, हे तिथले लोकही नाकारीत नाहीत. ज्यांना 'छारा' हे नाव ऐकूनच कोणी कामावर ठेवीत नाही, त्यांनी दुसरे काय करायचे, हा त्यांचा प्रश्न आहे. याच वस्तीतून शिक्षक निघाले आणि वकील तर बरेच निघाले. त्यांच्याविषयी आपण काही ऐकलेले नसते.

नाटकाचे कारण तिथून फार दूर, बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात घडले. बुधन शबर हा खेडिया शबर जमातीचा तरुण फेब्रुवारी १९९८ मध्ये बायकोबरोबर जात असता वाटेत पानाच्या दुकानापाशी पोलिसांनी पकडला. आठवड्याभरात कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याने आत्महत्या केली, असे सांगण्यात आले. मृतदेहाची पुन्हा तपासणी करून घ्यायची तर तो राखला पाहिजे, म्हणून गावकऱ्यांनी गवताचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि प्रत्यक्ष देह त्याच्या झोपडीत पुरून ठेवला. मी नाटकवाला माणूस असल्यामुळे मला हा प्रसंग विसरता येत नाही. निरक्षर म्हणून हिणविलेल्या त्या माणसांनी न्याय मिळावा म्हणून आधी एक नाटक केले. शबरांच्या संघटनेने महाश्वेतादेवींच्या पुढाकाराने प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात नेले. न्यायमूर्ती रूमा पाल यांनी त्याच वर्षी विधवेला भरपाई देण्याचा आणि चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्याचा आदेश दिला.

बडोद्याचा धागा इथे येतो. त्याच वर्षी महाश्वेतादेवी व्हेरिअर एल्विन व्याख्यानासाठी आपल्या शहरात आल्या होत्या. त्यांना बोलाविणारे गणेश देवी म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक, मूळचे भोरचे. १९९६ साली अध्यापन सोडून त्यांनी इथेच 'भाषा' ही संस्था काढली होती. महाश्वेतादेवींनी बुधनची कहाणी बडोद्याच्या श्रोत्यांपुढे मांडली. त्या दोघांना 'उचल्या'चे लेखक लक्ष्मण गायकवाड येऊन मिळाले आणि विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृतिगट उभा राहिला. 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, हे आपण जाणताच. पाहुणे छारानगरात गेले आणि तिथे एक लहानसे ग्रंथालय सुरू झाले. त्या ग्रंथालयाभोवती जमलेल्या तरुणांपैकी दक्षिण बजरंगे यांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक लिहिले. ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, म्हणजे विमुक्तदिनीच, वस्तीतल्या मुलामुलींनी ते आपल्याच वस्तीत केले. संचाला नाव पडले 'बुधन थिएटर'.

हे नाटक मी पुढे एका शाळेच्या अंगणात पाहिले. नेपथ्य नाही, पडदा नाही, मुलांच्या अंगावर रोजचे कपडे. हातात काठी आली की पोलीस आणि चार मुले खांद्याला खांदा लावून उभी राहिली की कोठडी. सुरुवातीला एका कार्यकर्त्याने सांगितले, की ही मुले छारा समाजातील आहेत. माझ्या शेजारी बसलेल्या एका सुसंस्कृत गृहस्थांनी तेव्हा मागच्या खिशातले पाकीट काढून पुढच्या खिशात ठेवले. त्यांनी हे मुद्दाम केले असे मला वाटत नाही. हात आपोआपच गेला. पण समोर उभ्या असलेल्या एका मुलीने ते पाहिले, आणि तिने ते पाहिले हे त्यांनीही पाहिले. नाटक संपेपर्यंत ते गृहस्थ जागचे हलले नाहीत. संपल्यावर मुलांशी बोलायला गेले नाहीत. पण बराच वेळ उठलेही नाहीत.

या नाटकाची संहिता वाचाल तर निराशा होण्याचा संभव आहे. कागदावर ती वर्तमानपत्रातल्या बातमीसारखी सरळ आहे. पात्रांना खोली नाही, संवादांत झगमग नाही. नाट्यशिक्षकाच्या नजरेने मी ती तपासली असती तर लाल शाईने बरेच लिहिले असते. परंतु प्रयोगात वेगळेच काही घडते. मार खाणाऱ्याचे अंग कसे आखडते आणि कोणता हात डोक्यावर जातो, हे त्या मुलांना तालमीत शिकवावे लागलेले नाही. त्यांनी ते घरी पाहिलेले आहे. छारा मंडळी स्वतःच हसत हसत सांगतात, की पिढ्यान्‌पिढ्या आम्ही पोट भरण्यासाठी नाना सोंगे घेतली, त्यामुळे नट आम्ही जन्मतःच आहोत. ज्या कौशल्यामुळे समाजाने त्यांना चोर म्हटले, तेच कौशल्य इथे सर्वांच्या देखत, उघड्यावर, साक्ष देण्यासाठी वापरले जाते. शेवटी नट प्रेक्षकांकडे वळतात आणि आम्ही या देशाचे नागरिक आहोत की नाही, असे सरळ विचारतात. प्रश्न विचारून झाला की तिथे संगीत येत नाही. ती शांतता असह्य होते.

मला या सर्व प्रकारात महत्त्वाचे वाटते ते हे. विभागलेल्या समाजात कलेने काही करावयाचे असेल, तर ज्याच्याविषयी बोलले जाते त्याच्या हाती रंगमंच आला पाहिजे आणि बोलणाऱ्याने खाली बसून पाहिले पाहिजे. आपण आपल्या नाटकांत दीनदुबळे पुष्कळ दाखविले. मी स्वतः दाखविले, आणि भूमिका केल्या त्या शाळेतल्या गोऱ्यागोमट्या मुलांनी, तोंडाला काळे फासून. प्रेक्षकांनी डोळे पुसले, घरी गेले. त्या डोळे पुसण्याने कोणाचे पाकीट कोणत्या खिशात आहे, हा प्रश्न कधी उपस्थित झाला नाही. छारानगरच्या मुलांनी तो उपस्थित केला, आणि त्यासाठी त्यांना कोणाला दोष द्यावा लागला नाही. नुसते समोर उभे राहावे लागले.

कोणी म्हणेल, हा प्रचार झाला, कला नव्हे. हा आक्षेप मराठी माणसाने तरी जपून घ्यावा. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला आणि त्याचे विचार खेड्यापाड्यांत पोहोचविले ते जलशांनी. भाषणाला न येणारा शेतकरी ढोलकी वाजली की येत असे. पुढे भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. तमाशाची चौकट तीच. पण अण्णा भाऊंनी गणेशवंदनेच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले, गवळणीला रजा दिली. त्यांच्या 'फकिरा'त मांगांच्या हजेरीचा जो जाच आहे, तो आणि छारांच्या हजेरीचा जाच एकाच कायद्यातून आलेला आहे. छारानगरच्या मुलांनी बारामतीकडच्या पिन्या हरी काळे या पारध्याच्या कोठडीतील मृत्यूवरही नाटक केले, त्याच १९९८ सालच्या घटनेवर. इटलीतल्या दारिओ फो यांचे पोलीस कचेरीतील एका मृत्यूवरचे प्रहसनही त्यांनी आपलेसे केले. पुरुलिया, बारामती, मिलान; वस्तीतल्या मुलांना या गावांमधले अंतर फारसे वाटले नाही.

माझे बोलणे इथेच थांबविले असते तर ते ऐकायला गोड झाले असते. पण आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. छारानगरापासून जवळच असलेल्या नरोडा पाटिया येथे २८ फेब्रुवारी २००२ रोजी ९७ मुसलमानांची हत्या झाली. २०१२ साली विशेष न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले त्यांत छारा समाजातील काही जण होते. पुढे २०१८ साली उच्च न्यायालयात काही आरोपींची सुटका झाली, काहींची शिक्षा कायम राहिली. वस्तीत नाटक सुरू होऊन तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती. ज्यांना समाजाने बाहेर ठेवले, त्यांच्यातल्याच काहींना दुसऱ्या कोणाला बाहेर काढण्यासाठी वापरून घेता आले. आपल्यावरचा अन्याय ओळखता आला म्हणजे शेजाऱ्यावरचा ओळखता येतोच असे नाही. आणि वस्तीतली वीस-पंचवीस मुले नाटक करतात म्हणजे सारी वस्ती नाटक करते असेही नाही. कलापथकांचे गुणगान करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पचविणे जड जाते. पण हे वगळून छारानगराची गोष्ट सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

दुसरी गोष्ट २०१८ सालची. २६ जुलैच्या रात्री पोलिसांचा मोठा ताफा छारानगरात शिरला. दारें फोडली, वाहने फोडली आणि बायकापुरुषांना मारले, अशा तक्रारी रहिवाशांनी केल्या. मार बसल्याचे सांगणाऱ्यांत वकील होते, वृत्तपत्रांचे छायाचित्रकार होते आणि बुधन थिएटरचे लोकही होते. वीस वर्षांत देशभर प्रयोग झाले, मुलांपैकी काही राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत पोहोचली, त्यांच्यावर 'प्लीज डोन्ट बीट मी, सर' हा माहितीपट २०११ साली निघून परदेशांतही दाखविला गेला. आणि त्या रात्री ते नाव पुन्हा नोंदवहीतलेच नाव ठरले.

मग नाटकाने काय साधले, असे आपण विचाराल. मी मोजमाप देऊ शकत नाही. एवढे सांगतो, की १९९८ च्या आधी अशी रात्र उजाडली की वस्ती गप्प बसत असे. आता वस्तीतला मुलगा आपले नाव, आपल्या जमातीचे नाव आणि ३१ ऑगस्ट ही तारीख परक्या माणसासमोर स्पष्ट उच्चारतो. ग्रंथालयात येणारी लहान मुले थोरांची नाटके पाहत वाढली. त्यांतलीच पुढे नट झाली. आईबापांनी आपली लाज ज्या गोष्टीत दडविली होती, ती गोष्ट मुले दिवसाढवळ्या करून दाखवितात. आणि पाहणाऱ्या शहरातल्या काही माणसांचे हात पाकिटाकडे जाता जाता थबकतात. यापलीकडचे काम न्यायालयांचे आहे, पोलीस खात्याचे आहे, नोकऱ्या देणाऱ्यांचे आहे. ते नाटकाच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये.

आपल्या सरांविषयी एक आठवण सांगतो. तालमीच्या वेळी एखादा मुलगा दारात उभा राहून पाहत असला, तर सर त्याला आत बोलावीत आणि काहीतरी काम देत. घंटा वाजव म्हणत, पुस्तक धर म्हणत. दारातून पाहणारा माणूस टीकाकार होतो, आत आलेला नट होतो, असे त्यांचे गणित होते. शाळेच्या मागच्या बाजूच्या वस्तीतली काही मुले त्या घंटेपायी आत आली. त्यांपैकी एकाने पुढे तीन वर्षे आम्हां सर्वांना मागे टाकले. सरांनी याला कधी समाजकार्य म्हटल्याचे मला आठवत नाही.

आता संस्थेकडे एक मागणे. शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले आहे आणि माजी विद्यार्थी संघाने एक सायंकाळ आपल्याकडे घेतलेली आहे. दरवर्षी आपण त्या दिवशी नाट्यगीते ठेवतो. ती मलाही प्रिय आहेत. यंदा ती तासभर आधी आटोपावीत आणि उरलेली सायंकाळ छारानगरच्या मंडळींना द्यावी, असे मी कार्यवाहांना सुचविले आहे. नाटक हिंदी-गुजरातीत आहे. आपल्याला अडचण पडणार नाही. अहमदाबाद इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. खर्च म्हणाल तर येण्याजाण्याचे भाडे, जेवण आणि त्यांचे मानधन; मानधन आपण बाहेरच्या नामवंत गायकांना देतो तितकेच असावे. जेवण आपल्या पंगतीत, आपल्याबरोबर. प्रयोगानंतर अर्धा तास मोकळा ठेवावा, म्हणजे प्रेक्षकांना त्यांना विचारता येईल आणि त्यांना प्रेक्षकांना.

व्यासपीठ, पडदा, दिवे यांची त्यांना गरज नाही. खुर्च्या तेवढ्या भिंतीकडे सरकवाव्या लागतील, कारण हे नाटक जमिनीवर होते आणि प्रेक्षक चोहोबाजूंनी बसतात. समोर बसलेल्याचा चेहरा प्रत्येकाला दिसतो. खुर्च्या हलवायला माजी विद्यार्थ्यांपैकी दहा-बारा जण लागतील. माझे नाव त्यांत पहिले लिहून घ्यावे.